टाकीच्या सफाईचा समग्र आढावा

न्हाणीघरातल्या बेसिनचा नळ काडेपेटीतल्या काडीएवढा उघडा होता. धार तुटत नव्हती, शिंतोडे उडत नव्हते आणि पाणी जाळीच्या बोटभर अलीकडे, सारखं त्याच जागी पडत होतं. गळका नळ असा वागत नाही. गळक्या नळाला शिस्त नसते. हा नळ कोणीतरी विचार करून तेवढाच सोडलेला होता.

चिटणीसांनी तो घट्ट बंद केला. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर ‘पाणी जपून वापरा’ अशी सूचना लावलेली होती, तिच्याखाली त्यांची सही होती आणि सहीखाली ‘मानद चिटणीस’ असं छापलेलं होतं. थोड्या वेळाने ते पुन्हा हात धुवायला गेले, तर नळ पुन्हा काडीएवढा. घरात माणसं दोनच. त्यांतल्या एकाने सूचना लिहिली होती. संशयाला फारशी जागा नव्हती.

“अगं, नळ उघडा राहिला होता.”

“राहिला नव्हता. मी ठेवला होता,” बायको आतून म्हणाली. “कानात शिट्टी वाजते. पाणी सोडलं की जरा मागे सरते.”

“कधीपासून?”

“तुम्ही जिन्याच्या कठड्याच्या रंगाबद्दल बोलत होता ना, तेव्हापासून.”

यावरून काळाचा अंदाज येणं कठीण होतं. कठड्याच्या रंगाबद्दल चिटणीस गेली काही वर्षं बोलत होते.

बोलणं हा त्यांचा पेशाच होता. विमा कंपनीत ते नव्या एजंटांना शिकवायचे, आणि त्यांचा खास विषय होता निघू पाहणाऱ्या माणसाशी दारात उभं राहून बोलत कसं राहावं हा. निवृत्त झाल्यावर ही विद्या वाया जाऊ नये म्हणून ते इमारतीचे चिटणीस झाले. विरुद्ध कोणी उभं राहिलं नाही. हा लोकांचा विश्वास आहे असं ते मानत, आणि लोकही त्यांना तसं मानू देत.

बायकोचं काम याच्या अगदी उलट. ती वजनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. औषधांच्या कारखान्यांतून, सोनारांकडून वजनं यायची आणि ती चिमट्याने उचलून, तराजूवर ठेवून, प्रमाण वजनाशी ताडून पाहायची. तो तराजू इतका नाजूक होता की वजनखोलीत पंखा चालत नसे, कारण वाऱ्याने आकडा हलायचा. बोलायचं नसे, कारण श्वासाने हलायचा. दार लावून, हात मांडीवर ठेवून आकडा स्थिर होण्याची वाट पाहत बसायचं, एवढंच. आणि त्या शांततेत शिट्टी अशी काही वाजायची की बायकोला वाटे, आता हिनेच आकडा हलणार.

कानाच्या दवाखान्यातली ऑडिओलॉजिस्ट तरुण होती आणि सावकाश बोलायची. तिने कानाला यंत्र लावून बारीक-मोठे आवाज ऐकवले, आलेख काढला आणि सांगितलं, “काकू, घाबरण्यासारखं काही नाही. वरच्या पट्टीतले बारीक आवाज तुम्हाला थोडे कमी ऐकू येतात. मेंदूला ती रिकामी जागा आवडत नाही, म्हणून तो स्वतःच काहीतरी वाजवत बसतो. शिट्टी घालवायची गोळी नाही. पण तिची सवय होते. घड्याळाचा पट्टा दिवसभर मनगटाला लागलेला असतो, जाणवतो का? तसंच. हा आवाज बिनकामाचा आहे हे मेंदूला एकदा पटलं की तो लक्ष देणं सोडतो. काही महिने जातात.”

“आणि तोवर?” चिटणीसांनी विचारलं.

“तोवर पूर्ण शांततेत बसायचं नाही. सोबतीला एखादा हलका आवाज ठेवायचा, शिट्टीपेक्षा किंचित लहान. शिट्टी बुडवायची नाही, दोन्ही ऐकू यायला हवेत. आणि तो आवाज कंटाळवाणा हवा. गाणी नकोत, बातम्या नकोत, कोणाचं बोलणं नको. अर्थ आला की कान त्याच्यामागे धावतो. दुसरं म्हणजे, शिट्टी आहे का, किती आहे, हे सारखं तपासत राहायचं नाही.”

“समजलं,” चिटणीस म्हणाले. “मी रोज विचारत जाईन.”

ऑडिओलॉजिस्टने बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीकडे पाहिलं.

असा कंटाळवाण्या आवाजाचा शोध सुरू झाला, आणि चिटणीसांनी तो स्वतःच्या हाती घेतला. आधी त्यांनी एक गोल, डब्याएवढा बिनतारी स्पीकर आणला, बायकोच्या फोनला जोडला आणि त्यावर समुद्राच्या लाटा लावल्या. लाटा चांगल्या होत्या. पण मधूनच एक पक्षी ओरडायचा. तो नेमका कधी ओरडेल हे सांगता येत नसे, म्हणून बायको त्याची वाट पाहत बसायची.

“कसंय आता?” चिटणीस विचारायचे.

“तुम्ही विचारेपर्यंत नव्हतं.”

मग पाऊस लावला. पाऊस मात्र अस्सल होता. इतका अस्सल, की खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी स्वच्छ उन्हात वाळत घातलेले कपडे धावत जाऊन आत घेतले, आभाळाकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा केलं. तिसऱ्यांदा मात्र ते वर आले.

“चिटणीस, तुमच्याकडे पाऊस पडतो का?”

“औषध म्हणून,” चिटणीस म्हणाले.

दंतवैद्य तसेच खाली गेले. दुसऱ्याच्या औषधाला नावं ठेवायची नाहीत एवढा धर्म त्यांना ठाऊक होता.

पावसानंतर मासे आले. मत्स्यपेटीच्या पंपाचा बुडबुड आवाज ऑडिओलॉजिस्टलाही पसंत पडला. पण मासे कंटाळवाणे नसतात, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. एक मासा कोपऱ्यात तोंड करून बसू लागला. बायको त्याच्याकडे पाहत बसू लागली. त्याचं काय बिनसलं असेल या विचारात शिट्टी वाढली. शेवटी मासे दंतवैद्यांच्या दवाखान्यात गेले. तिथे वाट पाहत बसलेल्यांना स्वतःच्याच दाढेची एवढी काळजी असते, की माशाची कोणी करत नाही.

समोरच्या दारातल्या काकूंना हे सगळं दाराच्या फटीतून समजत होतं. “माझ्या नणंदेला हेच होतं,” त्या म्हणाल्या.

“मग काय केलं त्यांनी?”

“काही नाही. गेली बिचारी.”

“कानाने?”

“नाही हो, मुलीकडे. बदलीच्या गावी. तिथे शेजारी लोहार आहे. आता विचारलं तर म्हणते, कसली शिट्टी?” मग त्यांनी तेल, वाफ, लसूण, उजव्या कुशीवर निजणं आणि कमी बोलणं असे उपाय सांगितले. शेवटचा सांगताना त्या चिटणीसांकडे पाहत होत्या.

लोहार मिळेना, म्हणून चिटणीसांनी बाल्कनीत विजेवर चालणारं लहानसं कारंजं बसवलं. कारंज्याचा आवाज अगदी हवा तसा होता, पण पाणी फरशीच्या सांध्यातून खाली झिरपून दंतवैद्यांच्या वर्तमानपत्रावर पडू लागलं. या वेळी दंतवैद्यांनी रीतसर लेखी तक्रार केली, आणि तक्रार चिटणीसांकडेच करायची असते, म्हणून चिटणीसांकडेच केली. नियम सगळ्यांना सारखा, हे चिटणीस नेहमी सांगत. त्यांनी त्याच दिवशी स्वतःच्या नावाने नोटीस काढली, पाकिटात घातली आणि स्वतःच्या दाराखालून आत सरकवली. मग आत जाऊन ती उघडली.

“ही काय भाषा झाली?” ते म्हणाले. “‘आपल्या बेजबाबदार वर्तनामुळे’? माणसाला आधी विचारायची काही पद्धत?”

“कोणी लिहिलंय?” बायकोने विचारलं.

“चिटणीसांनी,” ते चिडून म्हणाले.

त्यांनी त्या नोटिशीला सडेतोड उत्तर लिहिलं. चिटणीस या नात्याने त्यांना ते असमाधानकारक वाटलं. हा पत्रव्यवहार असाच वाढत गेला असता, पण खजिनदारांनी येऊन कारंज्याची वायर काढून नेली.

इतकी धडपड करणाऱ्या माणसाच्या हेतूविषयी शंका घेणं बरं नाही. तरी ते इथे समोर नाहीत तोवर एक गोष्ट सांगून टाकते. बायकोच्या खात्याच्या संचालक बाई तिला दुसऱ्या शहरातल्या नव्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बोलावत होत्या. अधूनमधून फोन करून विचारत होत्या. बायको म्हणायची, “घरी बोलून सांगते.” घरी बोललं की चिटणीस म्हणायचे, “बघू.” एरवी साध्या प्रश्नालाही प्रस्तावना देणारा हा माणूस या एका बाबतीत दोन अक्षरांवर भागवायचा.

त्यांची अडचण खरी होती. ते गेले तर इमारतीचं कोण बघणार? टाकी, कठडा, पाण्याचा पंप. आणि ती एकटी गेली तर ते बोलणार कोणाशी? मग शिट्टी आली. नवी वजनखोली जमिनीखाली होती, दोन दारांच्या आत, आणि सध्याच्या खोलीहूनही शांत. “अशा कानाने तिथे कशी बसू?” बायको म्हणाली, आणि चिटणीसांनी लाटा, पाऊस, मासे आणि कारंजं आणताना प्रत्येक वेळी मनापासून प्रयत्न केले, आणि प्रत्येक वेळी फसल्यावर त्यांना जेवण नेहमीपेक्षा जरा जास्तच गोड लागलं.

आणि मग बायकोला बरं वाटू लागलं.

कसं, ते कळेना. नळ बंद राहू लागला. सुट्टीच्या दुपारी ती खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागली. एका कानात तिने बटणाएवढा इअरफोन घातलेला असे आणि चेहऱ्यावर अशी शांतता, की जणू आत काही चाललेलंच नाही.

“सापडला का आवाज?” चिटणीसांनी विचारलं.

“सापडला एक.”

“पाऊसच ना? तरी मी म्हणत होतो.”

“पाऊस नाही. साधाच आहे,” ती म्हणाली आणि कपाटातले कपडे आवरायला लागली. आवरलेलेच होते ते.

चिटणीसांनी श्रेय घ्यायला उशीर लावला नाही. जिन्यात भेटेल त्याला थांबवून त्यांनी सांगितलं की कानाच्या आजारात चिकाटी लागते, आणि ती घरच्या माणसात असावी लागते. फक्त आता जेवण तितकंसं गोड लागेना.

त्यातच इमारतीची वार्षिक सभा आली. तळमजल्यावरच्या खोलीतला माइक बिघडला होता. चिटणीसांनी घरचा गोल स्पीकर खाली नेला, त्याला छोटा माइक जोडला आणि भाषणाला उभे राहिले. समोर खजिनदार, दंतवैद्य, काकू आणि बाकीचे सभासद आपापल्या जागी बूड टेकून, लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखे बसले होते. बायको शेवटच्या रांगेत भिंतीला टेकली होती. खोली शांत होती, शिट्टी जागी झाली असणार. तिने हळूच पिशवीत हात घातला आणि फोनवर काहीतरी लावलं.

विषय होता ‘टाकीची सफाई : समग्र आढावा’. हा विषय चिटणीस दर वर्षी घेत.

“टाकी म्हणजे नुसती टाकी नव्हे,” चिटणीस म्हणाले. “टाकीच्या तळाशी जो गाळ साचतो, त्याचे मुख्यतः तीन प्रकार.” पहिल्या दोन प्रकारांनंतर त्यांचा घसा कोरडा पडला. त्यांनी पेला उचलला आणि पाणी पिऊ लागले.

“तिसरा प्रकार म्हणजे शेवाळ,” चिटणीसांचा आवाज म्हणाला. “शेवाळाच्या बाबतीत दोन मतप्रवाह आहेत.”

चिटणीस पाणी पीत राहिले. क्षणभर त्यांना वाटलं, आपल्या वक्तृत्वाला एवढा वेग आला आहे की तोंड मागे पडलं. त्यांनी सभेकडे पाहिलं. कोणीही मान वर केली नव्हती. दंतवैद्यांची हनुवटी छातीला टेकली होती, काकू पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. आवाज शेवाळावरून झाकणावर आला, झाकणावरून कुलपावर. पेला रिकामा झाला तरी चिटणीस तो ओठांना लावून उभेच होते, कारण खाली ठेवला तर काय होईल याची त्यांना खात्री नव्हती.

शेवटी खजिनदारांचं लक्ष गेलं. “चिटणीस,” ते म्हणाले, “तुम्ही पाणी पिताय आणि बोलताय?”

शेवटच्या रांगेत बायको उठून उभी राहिली. तिने कानातला इअरफोन काढून पाहिला, तो गप्प होता. फोन पाहिला, तो चालू होता. स्पीकरला जुनी ओळख आठवली होती आणि तो मुकाट्याने तिच्या फोनला जाऊन मिळाला होता. मागच्या सभेत चिटणीसांनीच तिला आग्रह करकरून आपलं भाषण रेकॉर्ड करायला लावलं होतं.

तिने फोन बंद केला. खोलीत शांतता पसरली, आणि त्या शांततेनेच दंतवैद्य जागे झाले.

“हे तुम्ही कानासाठी ऐकता?” काकूंनी वळून विचारलं.

“हो,” बायको म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे. वजनांच्या खात्यात त्याची सवय राहत नाही.

“मला पाठवा हो. माझीही झोप उडालीय अलीकडे.”

“मलाही द्या,” दंतवैद्य म्हणाले. “दवाखान्यात लावतो. दाढ काढताना पेशंट फार अंग आखडतात.”

“टाकीचं मंजूर ना?” खजिनदारांनी विचारलं. “गेल्या वर्षीचं आणि यंदाचं, दोन्ही ऐकून झालं. हात वर करा.” भराभर हात वर गेले. चिटणीसांच्या हातातल्या कागदांत अजून झाकणाचा भाग शिल्लक होता. तो कोणी विचारला नाही, आणि पुढचा विषय चिटणीसांशिवायच सुरू झाला.

जिना चढताना ते एक शब्द बोलले नाहीत. कठड्याला हातही लावला नाही. घरात येऊन खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. घर एवढं शांत कधी झालं नव्हतं. बायको म्हणाली, “काहीतरी बोला. शिट्टी वाढतेय.”

“कशाला? कंटाळा येईल.”

“येईल ना. तोच तर हवाय.”

“लोहार बरा,” चिटणीस म्हणाले. “त्याचं निदान कोणी रेकॉर्डिंग मागत नाही.”

बायको समोरच्या खुर्चीत बसली. ती कधी फार बोलत नसे, म्हणून बोलायला लागली की जपून, चिमट्याने उचलल्यासारखी बोलायची. “समुद्र लावला की मी पक्ष्याची वाट पाहायची. पाऊस लावला की कपड्यांची काळजी. माशाचं तर तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक आवाजात माझ्यासाठी काहीतरी काम होतं. तुमच्या टाकीत काहीच काम नाही. टाकी तुम्ही बघताय, म्हणजे मला बघायची नाही. तुमचा आवाज चालू आहे तोवर कुठे काही बिघडलेलं नाही, एवढंच मला कळतं. बाकी मी ऐकत नाही.”

“कधीपासून ऐकत नाहीस?”

“लग्नानंतर काही महिने गेले.”

चिटणीसांनी हे मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिलं. एका बाजूने तो अपमान होता. दुसऱ्या बाजूने काय होतं, ते त्यांना चटकन नाव देऊन सांगता येईना, आणि नाव देता न येण्याची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑडिओलॉजिस्टला गाठलं. त्यांना तक्रार करायची होती. बोलणं चालणार नाही असं तिनेच सांगितलं होतं, आणि नियम म्हणजे नियम.

“सहसा चालत नाही,” ती म्हणाली. “अर्थ कानावर आला की लक्ष जातं. पण जर अर्थ,” इथे ती थांबली आणि टेबलावरची पेन्सिल सरळ ठेवू लागली, “म्हणजे, काका, सवयीचा आवाज असेल आणि त्यांचं लक्ष खरंच जात नसेल, तर उत्तमच. फक्त लहान ठेवा.”

“आणि हिची ती वजनखोली? तिथे पंखासुद्धा चालत नाही.”

“इअरफोनने वारा कुठे सुटतो? ऑफिसची परवानगी असेल तर हरकत नाही. अगदी जमिनीखालच्या खोलीतही.”

“जमिनीखालच्या खोलीचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुमच्या मिसेसनीच. त्या परवा विचारून गेल्या.”

चिटणीस घरी पायी आले. म्हणजे कान आता आडवा येत नव्हता. समुद्र, पाऊस, मासे, कारंजं हे सगळं त्यांनी फसवून दाखवलं होतं, आणि शेवटी लागू पडलं ते त्यांचंच भाषण. वाटेत पाण्याचा पंप दुरुस्त करणारा माणूस भेटला आणि म्हणाला की खजिनदारांनी बोलावलं होतं, काम झालं. चिटणीसांना कोणी विचारलं नव्हतं आणि पंप चालत होता.

ते घरात शिरले तेव्हा बायको फोनवर होती. “हो बाई,” ती म्हणत होती. “नाही, कानाचं आता जमण्यासारखं आहे. हो, मला यायचंय.” मग तिने पलीकडचं ऐकलं, फोनवर हात ठेवला आणि चिटणीसांकडे पाहिलं.

“विचारतायत, घरचे काय म्हणतात?”

चिटणीसांनी चपला काढल्या. त्यांच्या मनात उत्तर तयार होतं. त्याला प्रस्तावना होती, तीन मुद्दे होते, दोन मतप्रवाह होते. टाकीचा उल्लेख होता, टाकीचं खजिनदार बघतील असा पोटउल्लेख होता, आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये झाकणाचा भाग नीट आलेला नाही, त्यामुळे तेवढ्यावर फार काळ निभणार नाही, असा समारोप होता. सगळं बोलायला एखादी अख्खी दुपार सहज लागली असती.

बायको फोनवर हात ठेवून उभी होती. आणि तिच्या दोन्ही कानांत काहीच नव्हतं. ती ऐकत होती.

“सांग त्यांना,” चिटणीस म्हणाले, “दोघं येतोय.”